जमिनीचे संशोधन आणि सुधारणेचे भांडवल : सेनगाव परिसरासंबंधी एक टिपण

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव तालुका हा मराठवाड्याच्या ईशान्य कडेचा, विदर्भास लागून असलेला भाग होय. वाशिम जिल्ह्यात उगम पावणारी कयाधू नदी या तालुक्यातून पुढे हिंगोली व कळमनुरीकडे वाहत जाते. तालुक्याच्या सीमेलगतच पूर्णा नदीवर येलदरीचे धरण १९६८ साली पुरे झाले. परंतु त्याचे कालवे मुख्यत्वे वसमत, परभणी व नांदेडकडील जमिनींस भिजवितात, आणि सेनगावच्या उंच माळांवरील शेती बव्हंशी पावसाच्याच भरवशावर राहिली. अशा जमिनीची धूप थांबवून ती पुढील पिढीच्या हाती सकस सोपवावयाची, तर दोन गोष्टी लागतात : जमिनीविषयीचे शास्त्रीय ज्ञान आणि ते अमलात आणण्यास भांडवल. या दोहोंची भेट कितपत घडली, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

ज्ञानाची परंपरा जुनी आहे. हा मुलूख हैदराबाद संस्थानात असताना परभणी येथे १९१८ साली प्रायोगिक शेत स्थापन झाले आणि तेथे गावरानी कापसाच्या सुधारणेचे काम चालले. पुढे १९३३ च्या सुमारास सोलापूर, विजापूर, हगरी, रायचूर व रोहतक या पाच केंद्रांवर कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची अखिल भारतीय योजना सुरू झाली. बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी व वारंवार कोळपणी ही सूत्रे या काळातील प्रयोगांनी दृढ केली. तथापि बांध घालण्यास जो पैसा लागे, तो कोठून यावा, हा प्रश्न प्रयोगशेताच्या कुंपणाबाहेरच राहिला.

या प्रश्नाचे खरे स्वरूप अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीने उघड केले. श्री. गोरवाला यांच्या अध्यक्षतेखालील समितीत पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ हे सभासद होते. १९५१-५२ सालच्या स्थितीवरून १९५४ साली समितीने दाखविले, की शेतकऱ्यांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के व शासनाचा ३.३ टक्के होता, तर सावकारांचा सुमारे ७० टक्के होता. सावकाराचे कर्ज हंगामापुरते असे. ज्या बांधाचे फळ अनेक वर्षांनी मिळावयाचे, त्यासाठी ते परवडणे शक्य नव्हते.

१९७२ साली परभणीस मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून ते वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. १९७९ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने राष्ट्रीय कृषी संशोधन प्रकल्प सुरू झाला व कृषी विद्यापीठांस विभागवार संशोधनासाठी बळ मिळाले. येथे परकीय कर्ज व विद्यापीठ यांची गाठ पडली खरी, परंतु पैसा संशोधनास मिळाला, शेतकऱ्यास नव्हे.

ती पुढची पायरी २०१८ साली गाठली गेली. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पास जागतिक बँकेने ४२ कोटी डॉलरचे कर्ज मंजूर केले. पहिल्या टप्प्यातील पंधरा जिल्ह्यांत हिंगोली होता. मुंबईच्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याची रीत या प्रकल्पासाठी सिद्ध केली : पाऊस किती, मुरला किती, वाहून गेला किती, पिकास हवा किती. रुंद वरंबा-सरी पद्धतीचाही येथे उल्लेख केला पाहिजे. हैदराबादनजीक पाटणचेरू येथील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेत काळ्या जमिनीसाठी विकसित झालेली ही पद्धत परभणीच्या विद्यापीठाने सोयाबीनसाठी प्रसारिली. अवर्षणात ती ओल धरते, अतिवृष्टीत सरीतून पाण्याचा निचरा करते. प्रकल्पाने अशा पद्धतींस आर्थिक आधार दिला.

मात्र या व्यवस्थेतही एक जुना दोष निराळ्या रूपाने टिकून राहिला. वैयक्तिक लाभाचे अनुदान काम पुरे होऊन त्याची तपासणी झाल्यावर खात्यात जमा होई, म्हणजे आरंभीचा खर्च शेतकऱ्यानेच करावयाचा. ज्याच्या गाठी पैसा आहे, त्यास हे जमते. ज्याच्यापाशी नाही, त्यास पुन्हा उसनवारीकडे वळावे लागते. तसेच सात-बाऱ्यावर नाव नसलेला बटाईदार किंवा शेतात राबूनही उताऱ्यावर नोंद नसलेली स्त्री या लाभाच्या कक्षेत सहजी येत नाही. १९५४ च्या पाहणीने विचारलेला प्रश्न, पत कोणास व केव्हा मिळते, अशा रीतीने अद्याप शिल्लकच आहे.

यावरून एक निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. विद्यापीठांनी जमीन, पाणी व पीक यांचे मोजमाप बरेच केले आहे. परंतु पैसा शेतकऱ्याच्या हाती कोणत्या महिन्यात पडतो, त्या आधी तो कर्ज कोठून काढतो, याचेही तितकेच बारकाईने मोजमाप झाले पाहिजे. सेनगावसारखा तालुका, जेथे धरण दिसते पण कालवा पोहोचत नाही, हा अशा अभ्यासास अत्यंत योग्य आहे. कृषिशास्त्र व अर्थशास्त्र या विभागांच्या विद्यार्थ्यांनी तो एकत्र हाती घेतल्यास, शतकभर वेगळ्या वाटांनी चाललेल्या दोन प्रवाहांचा संगम होण्यास साहाय्य होईल.