अ‍ॅलीचा कायदा

अमेरिकेतल्या बहुतेक दुकानांत मागच्या बाजूला ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ अशी पाटी लावलेलं एक दार असतं. कामगारांसाठी शौचालय ठेवणं मालकावर बंधनकारक, त्यामुळे दाराआड ते असतंच. १९९०च्या अपंगांच्या कायद्याने दारं रुंद झाली, धरायला कठडे आले. ही पाटी मात्र तशीच राहिली.

अ‍ॅली बेन चौदा वर्षांची होती. तिला क्रोन्स हा आतड्यांचा आजार. इलिनॉयमधल्या एका मोठ्या दुकानात तिला एकाएकी शौचाची कळ आली, मॅनेजरने नाही म्हटलं, आणि तिचे कपडे खराब झाले. त्या वयात हे सोसून बहुतेक मुली गप्प बसल्या असत्या. अ‍ॅली आणि तिची आई आमदार कॅथलीन रिग यांच्याकडे गेल्या आणि ऑगस्ट २००५मध्ये इलिनॉयमध्ये कायदा झाला. बरिल क्रोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये या आजाराची नोंद केली ती १९३२ साली. मधली त्र्याहत्तर वर्षं हे रुग्ण कळ दाबून घरीच बसत असणार.

मला अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे आणि मी शिकागोजवळ राहते, म्हणून हा कायदा मला तोंडपाठ आहे. क्रोन्स, कोलायटिस, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम), पोटाला पिशवी लावलेले रुग्ण, सगळे त्यात येतात. जवळ सार्वजनिक सोय नसेल आणि आत जाण्यात धोका नसेल, तर दुकानदाराने दार उघडायचं. नाकारलं तर दंड जास्तीत जास्त शंभर डॉलर. रक्कम किरकोळ आहे, पण माझ्या दृष्टीने ती महत्त्वाची नाही. कळ आली की हातात एक-दोन मिनिटं असतात. तेवढ्यात, रांगेतले लोक ऐकत असताना, अनोळखी माणसाला आपल्या आतड्यांची कथा सांगून गयावया करावी लागायची. आता ‘कायद्याने मला हक्क आहे’ एवढं म्हणता येतं.

टेक्सासने २००७मध्ये असाच कायदा केला, पण डॉक्टरचं पत्र किंवा ओळखपत्र मागितलं. इलिनॉयने ती अट घातली नाही, हे मला फार माणुसकीचं वाटतं. एक अट मात्र इथेही बोचते: दुकानात त्या वेळी किमान तीन कर्मचारी कामावर हवेत. रात्री उशिरा औषधाच्या दुकानात गल्ल्यावर एक आणि औषधांपाशी एक, असे दोघेच असतात. तिथे माझा हक्क संपतो. ही अट काढून टाकायला हवी.