वसंत कोणत्या दिवशी येतो?

वसंत ऋतू नेमका कोणत्या दिवशी येतो? भूगोलाच्या पुस्तकापुरते उत्तर सोपे आहे. २० किंवा २१ मार्चच्या सुमारास सूर्य विषुववृत्तावर येतो, दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे होतात आणि उत्तर गोलार्धात वसंत सुरू झाला असे आपण शिकवतो. पण झाडे काही पंचांग पाहून फुटत नाहीत. एकाच रस्त्याच्या कडेची दोन झाडेही एकाच दिवशी पालवतील असे नाही. मग वसंत आला असे म्हणायचे तरी केव्हा? एका चित्रकाराने २०११ साली या प्रश्नाला दिलेले उत्तर विज्ञानाच्या शिक्षकांनीही पाहण्यासारखे आहे.

डेव्हिड हॉकनी यांचा जन्म १९३७ सालचा, इंग्लंडच्या यॉर्कशायर भागातील ब्रॅडफर्डचा. १९६४ साली ते कॅलिफोर्नियात गेले. तिथे ऋतू इतके हळूच बदलतात की लक्षातही येऊ नयेत. २००२ साली लंडनमध्ये चित्रकार ल्युशन फ्रॉइड हॉकनींचे व्यक्तिचित्र रंगवीत होते. त्या बैठकांना हॉकनी हॉलंड पार्कमधून चालत जात. वसंताचे दिवस होते. बागेत रोज काहीतरी बदललेले दिसे आणि इतक्या वर्षांत आपण काय पाहिलेच नाही, हे त्यांना जाणवले. पुढे त्यांनी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील ब्रिडलिंग्टन गावी मुक्काम हलवला.

या गावाहून आत जाणारा वोल्डगेट नावाचा एक जुना रोमन रस्ता आहे. २०११ च्या जानेवारीपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत हॉकनी या रस्त्यावरच्या ठरावीक जागांवर पुन्हा पुन्हा जाऊन चित्रे काढत राहिले. साधन होते आदल्याच वर्षी बाजारात आलेले आयपॅड. तैलरंग वाळायला वेळ लागतो. पडद्यावर बोटाने काढलेल्या रेषेला वाळावे लागत नाही, त्यामुळे प्रकाश बदलण्याआधी चित्र पुरे करता येते. अशी ५१ चित्रे आणि ३२ कॅनव्हास जोडून केलेले एक भव्य तैलचित्र मिळून ५२ भागांची ही एकच कलाकृती. २०१२ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीत ती लोकांनी पाहिली. प्रत्येक आयपॅड चित्राच्या नावातच तारीख आहे. निष्पर्ण फांद्या, फुगलेल्या कळ्या, कोवळी पाने, मग हॉथॉर्नच्या काटेरी झुडपांवरचा पांढरा बहर, असा सारा क्रम तारीखवार उलगडतो. वसंत एका दिवशी येत नाही, तो कित्येक आठवडे येत राहतो, हे हॉकनींचे उत्तर.

त्याच किनारपट्टीवर दक्षिणेला नॉर्फोक परगण्यात रॉबर्ट मार्शम या जमीनदाराने १७३६ साली वेगळ्या तऱ्हेने हेच काम आरंभले होते. ओकचे पहिले पान, हॉथॉर्नचे पहिले फूल, बेडकाची पहिली डरांव, परत आलेली पहिली भिंगरी अशा २७ खुणांच्या तारखा तो लिहून ठेवू लागला. १७८९ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्या छापल्या गेल्या. त्याच्या पश्चात घरच्या पुढील पिढ्यांनी १९५८ पर्यंत ही वही चालू ठेवली. सजीवांच्या अशा कालक्रमाच्या अभ्यासाला आज फेनॉलॉजी म्हणतात.

या नोंदींतून काय कळते? समशीतोष्ण प्रदेशातील बहुतेक झाडांच्या कळ्यांना आधी पुरेशी थंडी लागते, मग उबेची बेरीज पुरी झाली की त्या फुटतात. काही झाडांवर दिवसाच्या लांबीचाही परिणाम होतो. त्यामुळे हवामान तापले की तारखा सरकतात. केंब्रिजच्या उल्फ ब्युंटगेन आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली ब्रिटनमधील ४०६ वनस्पतींच्या चार लाखांहून अधिक नोंदी तपासल्या. १९८७ ते २०१९ या काळात पहिला बहर १७५३ ते १९८६ या काळाच्या मानाने सरासरी सुमारे महिनाभर आधी येत होता. ही केवळ कौतुकाची गोष्ट नाही. लवकर आलेला मोहोर उशिरा पडलेल्या दहिवराने करपतो. अळ्या आणि त्यांवर पिल्ले पोसणारे पक्षी यांचे वेळापत्रकही चुकू शकते.

इथे एक सावधगिरी हवी. हॉकनींची चित्रे म्हणजे मोजमाप नव्हे. रंग त्यांनी आपल्या नजरेने निवडले आहेत, आणि एका वर्षाच्या चित्रांवरून हवामानबदल सिद्ध होत नाही. त्यासाठी मार्शमसारखी दीर्घ वहीच लागते. पण मार्शमच्या वहीत पहिल्या पानाची तारीख मिळते, कळी आणि पान यांच्या मधले दिवस मिळत नाहीत. ते चित्रात दिसतात. दोघांची शिस्त मात्र एकच. तीच जागा, पुन्हा पुन्हा जाणे आणि तारीख लिहिणे.

ही शिस्त शाळेला परवडणारी आहे. आवारातले एकच झाड निवडावे. दर शनिवारी त्याच जागी उभे राहून मुलांनी तीच फांदी काढावी, खाली तारीख घालावी आणि पहिली पालवी, पहिले फूल यांच्या तारखा वहीत उतरवाव्यात. चित्र सुबक नसले तरी चालेल, तारीख मात्र चुकता कामा नये. वर्ष संपले की ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. मार्शमच्या वहीला मोल आले ते ती पुढच्या पिढ्यांनी चालवली म्हणून. आपल्याकडे तर दर जूनला नवा वर्ग येतो.