सूत्र उलटं फिरवलं तेव्हा

पीएच.डी.चा विषय शोधताना आपण बहुतेक जण नवीन डेटा नाहीतर नवीन मॉडेलच्या मागे लागतो. गाईड विचारतात, "यात तुझं नवीन काय?" आणि आपण गप्प! मी असाच अडकलो होतो, तेव्हा मला १९६८ ते १९७९ या काळातली ही गोष्ट उपयोगी पडली.

१९६८ मध्ये रे बॉल आणि फिलिप ब्राउन यांनी साधा प्रश्न विचारला: कंपनीने जाहीर केलेला नफ्याचा आकडा गुंतवणूकदाराच्या खरंच कामाचा असतो का? त्यांनी न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या २६१ कंपन्यांचे नफे आणि शेअरचे भाव शेजारी ठेवून पाहिले. आकडा कामाचा होता. पण त्यातली सुमारे ८५ ते ९० टक्के माहिती बाजाराला इतर मार्गांनी आधीच कळलेली असायची.

एक गोष्ट मात्र शेअरच्या भावात दिसत नव्हती. निकालाच्या दिवशी मोठी हालचाल होणार, हे बाजार आधीपासून धरून चालतो का?

आता दुसरा धागा. १९७३ मध्ये फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं ऑप्शनच्या किमतीचं सूत्र प्रसिद्ध झालं. त्याच वर्षी २६ एप्रिलला शिकागोत ऑप्शनचा संघटित बाजार सुरू झाला. सूत्राला पाच गोष्टी लागतात: शेअरचा भाव, करारातला भाव, उरलेली मुदत, व्याजदर आणि शेअरच्या चढउताराचं प्रमाण. पहिल्या चार समोर दिसतात, पाचवी दिसत नाही. १९७६ मध्ये लाटाने आणि रेंडलमन यांनी सूत्र उलटं वापरलं. ऑप्शनची बाजारातली किंमत घातली आणि बाजाराला अपेक्षित असलेला चढउतार काढला.

१९७९ मध्ये जेम्स पॅटेल आणि मार्क वुल्फसन यांनी हे दोन धागे जोडले. कल्पना पावसाच्या उदाहरणाने बघा. रविवारी मुसळधार पडणार, हे सोमवारीच माहीत आहे. बाकी दिवस रिमझिम. मग 'आजपासून रविवारपर्यंत' रोजचा सरासरी पाऊस दिवसागणिक वाढत जातो, कारण कोरडे दिवस गळत जातात. रविवार सरला की पुढची सरासरी एकदम खाली. निकालाचा दिवस म्हणजे हा रविवार. ऑप्शनच्या किमतींतून काढलेला चढउतार निकालाआधी चढतो आणि नंतर उतरतो, असाच कल त्यांना आढळला.

खरी गंमत पुढे आहे. मूळ सूत्र चढउतार स्थिर असल्याचं गृहीत धरतं. इथे तो बदलतो हेच तर दाखवायचं होतं! पण बदल कधी होणार हे आधीच ठाऊक असेल, तर सूत्रातला आकडा उरलेल्या मुदतीची सरासरी म्हणून वाचता येतो. गृहीतक कुठे आणि कसं मोडतं हे नेमकं माहीत होतं, म्हणूनच हे काम उभं राहिलं.

त्यामुळे आता पेपर वाचताना मी निष्कर्षांसोबत गृहीतकांचीही यादी करतो. सिनॉप्सिस लिहिण्याआधी तुम्हीही करून बघा.