विश्लेषण : दुकानासमोरची जागा कोणाची? ठाणे, कल्याण-डोंबिवलीतील पार्किंगचा तिढा

ठाण्यातील गोखले रोड आणि राम मारुती रोड, डोंबिवलीतील फडके रोड, कल्याणमधील शिवाजी चौकाचा परिसर या सगळ्या बाजारपेठा रेल्वे स्थानकाच्या जवळ आहेत. त्यामुळे रस्त्याकडेच्या जागेवर दोघांचा डोळा असतो. एक, अर्ध्या तासासाठी खरेदीला येणारा ग्राहक. दुसरा, दुचाकी लावून लोकल पकडणारा नोकरदार. दुकानांची शटर उघडण्याआधीच नोकरदाराची गाडी लागलेली असते. ‘पार्किंगच नाही’ म्हणून ग्राहक मॉलकडे वळतो आणि फटका छोट्या दुकानदाराला बसतो.

जागा कमी आहे की अडलेली?

दोन्ही. पण अडलेल्या जागेचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही. दुकान सकाळी १० ते रात्री ८ उघडे असते असे धरू. समोरच्या जागेत दिवसभर एकच दुचाकी उभी राहिली, तर त्या जागेचा उपयोग एकालाच झाला. प्रत्येक जण अर्धा तास थांबला, तर तीच जागा २० ग्राहकांना पुरते. दिवसभर उभ्या असलेल्या गाड्यांत दुकानमालक आणि कामगारांच्या गाड्याही असतात.

अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीतही हीच अडचण होती. नोकरदारांच्या मोटारी दिवसभर हलत नव्हत्या. म्हणून जुलै १९३५ मध्ये जगातील पहिले पार्किंग मीटर तेथे बसवण्यात आले. त्याचा मुख्य हेतू जागा फिरती ठेवणे हा होता.

निर्णय कोण घेते?

वाहनतळ उभारणे आणि त्यांचे शुल्क ठरवणे हे ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांचे काम. ‘नो पार्किंग’ किंवा सम-विषम पार्किंगची अधिसूचना वाहतूक पोलीस काढतात. दोन्ही महापालिकांची हद्द ठाणे पोलीस आयुक्तालयात येते. नो पार्किंगमध्ये गाडी लावल्यास राज्यात डिसेंबर २०२१ पासून पहिल्या वेळी ५०० आणि पुन्हा तीच चूक केल्यास १५०० रुपये दंड आहे.

पी-१, पी-२ मुळे काय साधते?

सम तारखेला रस्त्याची एक बाजू, विषम तारखेला दुसरी. यामुळे निदान एक बाजू वाहतुकीला मोकळी राहते आणि दोन्ही बाजूंच्या दुकानदारांवर भार वाटला जातो. मात्र गाडी किती वेळ उभी राहावी, हे या पाट्या सांगत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक काळ सोडून दिलेली गाडी उचलता येते. १० तास म्हणजे दुकानाचा अख्खा दिवस!

वाहनतळ बांधले की प्रश्न सुटतो?

नौपाड्यात गावदेवी मैदानाखाली भूमिगत वाहनतळ आहे, तर कल्याण पश्चिमेला स्थानकाजवळ महापालिकेचा बहुमजली दिलीप कपोते वाहनतळ आहे. दिवसभर गाडी ठेवणाऱ्यांसाठी असे वाहनतळ योग्यच. पण रस्त्यावर फुकट आणि वाहनतळात पैसे असतील, तर चालक आधी रस्त्यावरच जागा शोधणार. म्हणून दरांचा क्रम उलटा हवा : रस्त्याकडेला थोडा वेळ आणि जास्त दर, वाहनतळात जास्त वेळ आणि कमी दर. दर इतका असावा की रस्त्यावर कायम एखाद-दुसरी जागा रिकामी मिळेल, असे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांचे सूत्र होते. पार्किंग शुल्कात जागेचे खरे मोल दिसावे, असे भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणातही म्हटले आहे.

दुकानदारांच्या हाती काय?

दुकानासमोरचा रस्ता दुकानाचा नसतो. स्टूल, कुंडी किंवा दोरी लावून तो राखून ठेवण्याचा हक्क कोणालाही नाही. मात्र स्वतःच्या आणि कामगारांच्या गाड्या वाहनतळात लावणे, मालाची चढउतार सकाळी लवकर उरकणे आणि वेळमर्यादेच्या पाट्यांची मागणी एकत्रितपणे करणे शक्य आहे. नव्या इमारतींना २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार पार्किंग ठेवावेच लागते. जुन्या इमारती एकेक करून पाडून नव्या होईपर्यंत मात्र या बाजारपेठांना आहे तीच कड सर्वांमध्ये वाटून घ्यावी लागेल.