हिवाळ्यातली उदासी आणि नागपूरचा पागलखाना

डिसेंबरात नागपूरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. जूनमध्ये साडेतेरा तासांचा असलेला दिवस पावणेअकरा तासांवर येतो. मगरिबनंतरची रात्र संपता संपत नाही. २९ डिसेंबर २०१८ रोजी तर पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. अशा थंडीसाठी आपल्या घरांत रजई आहे, शेगडी आहे, नहारी आहे. पण याच दिवसांत एखाद्याचं मन खचलं, तर त्याच्यासाठी बहुतेक एकच वाक्य असतं: 'ईमान कमजोर झालंय, नमाज पढ.'

हे वाक्य मी नात्यात आणि मोहल्ल्यात अनेकदा ऐकलं आहे. सांगणाऱ्याची नियत चांगली असते. पण ऐकणारा अधिकच गप्प होतो. दुःखाच्या जोडीला आता गुन्हाही त्याच्या माथी बसलेला असतो.

आपला इतिहास मात्र वेगळं सांगतो. हजरत खदीजा आणि चाचा अबू तालिब एकाच वर्षी, साधारण इ.स. ६१९ मध्ये गेले. ते वर्ष सीरतच्या ग्रंथांत 'आमुल हुज्न', म्हणजे दुःखाचं वर्ष म्हणून ओळखलं जातं. कुरआनात हजरत याकूब मुलाच्या विरहात इतके रडतात की त्यांची दृष्टी जाते. पैगंबरांच्या दुःखाला कोणी कमजोर ईमान म्हटलं नाही. मग आपल्या बहिणीच्या, शेजाऱ्याच्या दुःखाला का म्हणावं?

दहाव्या शतकात वारलेले अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या निगेवर एकच ग्रंथ लिहिला. शरीर आजारी पडतं तसं मनही पडतं, असं ते मांडतात. दुःखाचे ते दोन प्रकार करतात: कारण माहीत असलेलं आणि कारण न सापडणारं. दुसऱ्या प्रकाराचं मूळ ते शरीरात शोधतात. त्यांचा एक सल्ला आजही उपयोगी आहे. घरात औषध आधीच आणून ठेवतो, तसे धीर देणारे विचार बऱ्या दिवसांत साठवून ठेवावेत. आणि ते अपुरे पडले, तर दुसऱ्याच्या बोलण्याचा आधार घ्यावा. हिवाळ्यातल्या उदासीला पाश्चात्त्य वैद्यकात वेगळं नाव मिळालं ते १९८४ साली.

आता आपल्या शहराकडे येऊ. १८५८ साली इंग्रजांनी वेड्यांच्या इस्पितळांसाठी कायदा केला. पुढे नागपुरातही पागलखाना उभा राहिला. कामठीत जन्मलेल्या ताजुद्दीन बाबांना १८९२ मध्ये वेडे ठरवून तिथे ठेवण्यात आलं. चरित्रकार सांगतात की ते सुमारे सोळा वर्षं तिथे होते आणि लोक आपली दुःखं घेऊन त्या फाटकाशी येत राहिले. १९०८ मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी बाबांना तिथून सोडवून शक्करदऱ्याला आपल्या वाड्यावर आणलं. १९२५ मध्ये बाबांचं निधन झालं. आज ताजबागेत सर्व धर्मांचे लोक येतात.

करामतींवर कोणाचा विश्वास असो वा नसो, मला यात दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. सरकारने ज्याच्यावर वेडेपणाचा शिक्का मारला, त्याच्याजवळ लोकांना मन मोकळं करता आलं. आणि त्या शिक्क्याची पर्वा न करता एका हिंदू राजाने त्याला सन्मानाने घरी नेलं.

पण दर्ग्याची ओढ म्हणजे इलाज टाळण्याची सबब नव्हे. २००१ साली तामिळनाडूतल्या एरवाडीत, दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका ठिकाणी आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ मनोरुग्ण होरपळून मेले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असं बांधून ठेवण्यास मनाई केली आहे. दुआही करावी, डॉक्टरकडेही जावं. १४४१६ या सरकारी 'टेलिमानस' क्रमांकावर फुकट बोलता येतं.

बाकी काळजी साधीच आहे. फजरनंतर लगेच रजईत न शिरता सूर्य वर आला की गच्चीवर कोवळं ऊन घ्यावं. दिवसातून एकदा तरी गरम जेवण चारचौघांसोबत घ्यावं. इशाची नमाज हिवाळ्यात लवकर होते, पुढचा वेळ हाताशी असतो. जो माणूस काही दिवस दिसला नाही, त्याचं दार त्या वेळात वाजवावं. नसीहत करू नये, चहा मागावा आणि त्याचं ऐकून घ्यावं.