42 पैकी 39 : एका निवडणुकीचा निकाल इतिहासाच्या विद्यार्थ्याने कसा वाचायचा?

शनिवार, 1 नोव्हेंबर 1919. लंडनच्या पूर्व भागातल्या पॉपलर बरोची निवडणूक. नगरसेवकांच्या 42 जागा आणि त्यापैकी 39 मजूर पक्षाकडे.

हे वाचल्यावर तुमच्या मनात काय आलं? बहुधा हेच, की "लाट होती." माझ्याही मनात हेच आलं होतं. माझ्या प्रकरणाच्या पहिल्या मसुद्यात मी लिहून टाकलं होतं की पॉपलरच्या जवळजवळ सगळ्या मतदारांनी मजूर पक्षाला कौल दिला. गाईडनी समासात पेन्सिलने दोनच शब्द लिहिले : "मतं किती?" मी सगळीकडे जागाच मोजल्या होत्या. मतांकडे पाहिलंच नव्हतं.

तुमच्यापैकी जे पीएचडीची किंवा एमएच्या प्रबंधाची तयारी करताय, त्यांच्यासाठी आज हेच उदाहरण घेतो. निवडणुकीचा निकाल हा इतिहासातला सगळ्यात स्वच्छ दिसणारा पुरावा. आकडे असतात, तारीख असते, वादाला जागा दिसत नाही. म्हणूनच तो सगळ्यात फसवा.

आधी थोडी ओळख. 'बरो' हा शब्द आपल्याकडे अगदीच परका नाही. मुंबई इलाख्यात 1925 साली 'म्युनिसिपल बरोज' कायदा झाला आणि मोठ्या नगरपालिकांना 'बरो म्युनिसिपालिटी' म्हणायला लागले. जुन्या दप्तरात हा शब्द तुम्हाला भेटेलच. लंडनमधले बरो 1899 च्या कायद्याने झाले. शहरभर 28 बरो, प्रत्येकाला स्वतःचं कौन्सिल आणि त्यांच्या डोक्यावर सगळ्या शहराचं लंडन काउंटी कौन्सिल. पॉपलर हा बो, ब्रॉम्ली आणि पॉपलर या तीन जुन्या पॅरिशांचा मिळून झालेला बरो. गोदी, कारखाने, दाटीवाटीची घरं, रोजंदारीवर जगणारी माणसं. लोकसंख्या साधारण 1 लाख 60 हजार.

आता कोडं बघा. या निवडणुकीच्या साडेदहा महिने आधी, 14 डिसेंबर 1918 ला, पार्लमेंटची निवडणूक झाली होती. पॉपलर बरोत पार्लमेंटचे दोन मतदारसंघ होते. दोन्हीकडे मजूर पक्ष हरला. बो आणि ब्रॉम्लीमध्ये तर जॉर्ज लॅन्सबरी हरले. म्हणजे त्या भागातला सगळ्यात लोकप्रिय माणूस, आधी खासदार राहिलेला. आणि पुढच्याच नोव्हेंबरात तोच पक्ष 42 पैकी 39 जागा घेतो आणि लॅन्सबरी पॉपलरचे महापौर होतात.

तीच गल्ली, तीच घरं, वर्षसुद्धा उलटलं नाही. मग लोकांचं मन बदललं का? सरळ 'हो' म्हणण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या. आणि त्या याच क्रमाने.

पहिली : मतदार कोण होते?

"तेच मतदार" असं आपण गृहीत धरतो. ते तेच नव्हते. 1918 च्या कायद्याने पार्लमेंटसाठी आणि स्थानिक संस्थांसाठी मताधिकाराच्या अटी वेगवेगळ्या ठेवल्या. पार्लमेंटसाठी 21 वर्षांवरच्या पुरुषाला ठरावीक काळ राहिल्याचा पुरावा पुरेसा होता. बरोसाठी मात्र घर किंवा खोली मालक वा भाडेकरू म्हणून स्वतःच्या नावावर हवी. त्यामुळे आईवडिलांच्या घरात राहणारा, गोदीत काम करणारा 25 वर्षांचा अविवाहित मुलगा पार्लमेंटला मत देऊ शकत होता, बरोला नाही. याच्या उलट, स्वतःच्या नावावर बिनसामानाची खोली घेतलेली 24 वर्षांची अविवाहित बाई बरोला मत देऊ शकत होती, पण पार्लमेंटला नाही, कारण तिथे बाईला 30 वर्षांची अट. बरोच्या यादीत नवी भर पडली ती मुख्यतः मतदार पुरुषांच्या 30 वर्षांवरच्या बायकांची.

आणखी एक बदल पॉपलरसारख्या ठिकाणी फार मोठा होता. त्याआधी गरिबांसाठीची सरकारी मदत घेतली की, काही अपवाद सोडले तर, मताचा हक्क जायचा. 1918 च्या कायद्याने ही अट काढून टाकली. जिथे एक हिवाळा काम मिळालं नाही तर कुटुंबाला त्या मदतीच्या दारात उभं राहावं लागायचं, तिथे याचा अर्थ काय होतो, ते तुम्हीच विचार करा.

शिवाय बरोची आधीची निवडणूक 1912 ची. युद्धामुळे मधली झालीच नाही. म्हणजे 1912 आणि 1919 ची तुलना करताना आपण एकाच मतदारवर्गाचं बदललेलं मन मोजत नसतो. मतदारवर्गच बदललेला असतो.

दुसरी : मतांच्या जागा कशा झाल्या?

42 पैकी 39 म्हणजे जवळपास 93 टक्के जागा. 93 टक्के मतं नव्हेत. बरोत एका वॉर्डातून एकापेक्षा जास्त नगरसेवक निवडून जात. मतदाराकडे जितक्या जागा तितकी मतं आणि सगळे उमेदवार एकाच यादीत. लोक आपल्या पक्षाच्या सगळ्या नावांपुढे फुल्या मारतात, असं धरा. तीन जागांच्या एखाद्या काल्पनिक वॉर्डात एका पक्षाकडे 55 टक्के लोक असतील, तर तिन्ही जागा त्याच्या. उरलेल्या 45 टक्क्यांना शून्य. आणि बरोभर सगळ्या वॉर्डांतली वस्ती साधारण सारखीच असेल, तर हेच सगळीकडे घडतं.

पुण्यातल्या वाचकांना इथे 2017 ची चार सदस्यांची प्रभाग पद्धत आठवेल. पण जपून. तिथे अ, ब, क, ड अशी प्रत्येक जागा वेगळी लढवली गेली आणि प्रत्येक जागेला वेगळं मत होतं. पॉपलरमध्ये तसं नव्हतं. दोन्हीकडे 'बहुसदस्यीय' असा शब्द वापरता येतो म्हणून दोन्ही यंत्रणा एक होत नाहीत. तुलना करायची तर आधी मतपत्रिका डोळ्यांपुढे आणा.

आणखी एक बारीक गोष्ट. 42 नगरसेवकांशिवाय कौन्सिलमध्ये सात ऑल्डरमन असत. त्यांना लोक निवडत नसत, कौन्सिलच निवडे. त्यामुळे "पॉपलरच्या लोकांनी निवडून दिलेले" असं लिहिताना नाव तपासा. मिनी लॅन्सबरी ही या कथेतली महत्त्वाची बाई ऑल्डरमन होती. मतपेटीतून आलेली नगरसेवक नव्हती.

तिसरी : मधल्या काळात काय घडलं?

आता कुठे 'मन बदललं का' या प्रश्नाला हात घालायचा. डिसेंबर 1918 ची निवडणूक युद्ध थांबल्यावर साधारण महिन्याभराने झाली. विजयाचा माहोल होता आणि लॅन्सबरींसारख्या युद्धविरोधी माणसाला तो सोसणारा नव्हता. बरेच सैनिक अजून घरी आलेले नव्हते. देशभरात मतदानच 57 टक्क्यांच्या आसपास झालं. नोव्हेंबर 1919 पर्यंत सैनिक परतले होते आणि प्रश्न राहिले होते घराचे, भाड्याचे, महागाईचे. हे प्रश्न बरोच्या हातातले. म्हणजे लोकांचं मन बदललं असेलही. पण त्यांना विचारलेला प्रश्नही बदलला होता.

इथवर आलात तर निम्मं काम झालं. खरी कसोटी पुढे आहे, कारण या निकालावर पुढे माणसं तुरुंगात गेली.

नव्या कौन्सिलने 1920 मध्ये आपल्या कामगारांना आठवड्याला किमान 4 पौंड पगार ठरवला. पुरुषांना आणि बायकांना सारखाच. मग मंदी आली. बेकारी वाढली आणि गरिबांच्या मदतीचा खर्चही. आता लंडनची रचना अशी की हा खर्च मुख्यतः ज्या त्या भागानेच करायचा. पैसा यायचा 'रेट'मधून, म्हणजे आपल्या घरपट्टीसारख्या करातून, आणि तो ठरायचा इमारतीच्या भाडेमूल्यावर. श्रीमंत बरोत भाडेमूल्य मोठं आणि गरीब थोडे. पॉपलरमध्ये भाडेमूल्य छोटं आणि गरीब भरपूर. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथेच कराचा दर जास्त आणि तो भरायचा गरिबांनीच. वर लंडन काउंटी कौन्सिल, पोलीस, पाणी बोर्ड आणि असायलम बोर्ड यांचा वाटाही बरोनेच वसूल करून द्यायचा.

मार्च 1921 मध्ये पॉपलर कौन्सिलने ठरवलं की हा वरचा वाटा वसूलच करायचा नाही. प्रकरण हायकोर्टात गेलं. 29 जुलैला नगरसेवक मिरवणुकीने, बँड लावून, कोर्टात चालत गेले. आदेश पाळला नाही म्हणून कोर्टाच्या अवमानाबद्दल सप्टेंबरमध्ये 30 जणांना अटक झाली. 25 पुरुष ब्रिक्स्टन तुरुंगात, 5 बायका हॉलोवेमध्ये. त्यातल्या नेली क्रेसॉल गरोदर होत्या. पुढे तुरुंगातच कौन्सिलच्या बैठका भरल्या आणि बायकांना त्यासाठी ब्रिक्स्टनला आणलं जाई. 12 ऑक्टोबरला सुटका झाली आणि त्याच वर्षी कायदा बदलून गरिबांच्या मदतीच्या खर्चाचा मोठा भाग सगळ्या लंडनवर वाटला गेला. मिनी लॅन्सबरी 1 जानेवारी 1922 ला, सुटकेनंतर तीन महिन्यांच्या आत, वारल्या. वय 32.

नगरसेवकांचं म्हणणं होतं की आम्ही लोकांच्या कौलाने हे करतोय. इतिहासकाराने हे म्हणणं जसंच्या तसं उचलायचं का?

इथेच बहुतेक जण घसरतात. 1919 मध्ये मत देणाऱ्या माणसाला 1921 ची मंदी ठाऊक नव्हती. त्याने "वरचा वाटा भरू नका आणि तुरुंगात जा" यासाठी मत दिलं, असं म्हणता येत नाही. निकाल आधीचा, कृती नंतरची. पण आधीचं म्हणून ते नंतरच्याची मंजुरी ठरत नाही. आपल्याला शेवट माहीत असतो, म्हणून सुरुवातीत तो दिसायला लागतो. नोरीन ब्रॅन्सन यांच्या या विषयावरच्या प्रसिद्ध पुस्तकाच्या नावातच 1919 ते 1925 ही वर्षं आहेत. कुठलंही वर्ष सुरुवात म्हणून निवडणं हाच एक युक्तिवाद असतो, हे वाचताना लक्षात ठेवा.

मग कौलाचा पुरावा कुठे शोधायचा? नोव्हेंबर 1922 मध्ये. तेव्हा पुन्हा बरोच्या निवडणुका झाल्या. आता मतदाराला सगळं माहीत होतं : वाढलेला पगार, थकवलेला वाटा, तुरुंग, सगळं. त्या वर्षी लंडनभर मजूर पक्षाला मोठा फटका बसला. हॅकनीमध्ये, जिथे हर्बर्ट मॉरिसन यांनी पॉपलरच्या मार्गाला विरोध करून कायद्याच्या चौकटीतच राहण्याचा आग्रह धरला होता, मजूर पक्षाची सत्ता गेली. पॉपलरमध्ये टिकली. त्याच महिन्यात लॅन्सबरी बो आणि ब्रॉम्लीमधून पार्लमेंटवरही निवडून आले.

म्हणून माझ्या प्रकरणातलं वाक्य आता असं आहे : 1919 च्या निकालाने बंडाला संधी दिली, 1922 च्या निकालाने मान्यता. पहिल्या मसुद्यातल्या वाक्यापेक्षा हे कमी टाळ्यांचं आहे, पण व्हायव्हात कुणी बोट ठेवलं तर मी उभा राहू शकतो.

आणि मान्यता मिळाली म्हणजे जिंकलो, असंही नाही बरं का. सारख्या पगाराचं प्रकरण ऑडिटरने धरलं, 5 हजार पौंडांचा खर्च नामंजूर केला आणि 1925 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने कौन्सिलच्या विरोधात निकाल दिला. मतदारांनी दोनदा निवडून दिलेल्या लोकांनी किती पगार द्यावा, हे शेवटी न्यायाधीशांनी ठरवलं. मतपेटीच्या अधिकाराची हद्द कुठे संपते, हा प्रश्न आपल्या महापालिकांच्या अभ्यासातही तुम्हाला भेटणारच आहे.

आपल्याशी या भागाचा एक धागा आहे. 1931 च्या गोलमेज परिषदेला गेलेले गांधीजी लंडनमध्ये राहिले ते याच बरोतल्या किंग्जली हॉलमध्ये. ती संस्था चालवणाऱ्या म्यूरिअल लेस्टर स्वतः पॉपलर कौन्सिलच्या ऑल्डरमन होत्या.

तेव्हा पुढच्या वेळी निकालाचा तक्ता हातात आला, मग तो लंडनचा असो की सोलापूरचा, तर जागांच्या रकान्यावर लगेच वाक्य लिहू नका. यादीत कोण होतं, मताची जागा कशी झाली आणि त्या दिवशी मतदाराला काय माहीत होतं, हे तीन प्रश्न आधी समासात लिहा. गाईडना लिहायला लावू नका.