शनिवारवाड्याचं जोतं

शके 1651, माघ शुद्ध तृतीया, शनिवार. इंग्रजी तारीख 10 जानेवारी 1730. मुठेच्या काठावर गारठा आहे. घोंगडी आवळून घ्या आणि गर्दीतून पुढे सरका. जमिनीवर फक्कीनं आखलेल्या रेघा दिसतात? वाकून पायात दगड ठेवताहेत ते बाजीराव. वय 29. पेशव्यांचं बिऱ्हाड आता सासवड सोडून पुण्यात स्थिरावायचं आहे. आई राधाबाई, पत्नी काशीबाई, 9 वर्षांचा नाना, धाकटे बंधू चिमाजीअप्पा, एवढ्या मोठ्या गोतावळ्याला हक्काचं घर हवं आहे.

उन्हाळ्यात परत या, कारण खरं पाहण्यासारखं तेव्हा आहे. चिंचवडच्या खाणीतला काळा दगड गाड्यांतून उतरतोय. पाथरवट उकिडवे बसून टाकीचे घाव घालतात आणि बारीक कपची उडून तुमच्या पायाशी पडते. पलीकडे चुन्याची घाणी चालू आहे. गोल चरातून दगडी चाक फिरवत बैल चालतोय. जेजुरीकडून आलेला चुना वाळूबरोबर लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मळला जातो. चुना नीट मळला नाही तर भिंत धरत नाही, हे गवंड्याला कुणी सांगावं लागत नाही. जुन्नरच्या जंगलातलं सागवान सुमारे 90 किलोमीटरवरून आलंय. हात लावून पाहा, तासलेल्या जागी लाकूड अजून ओलसर लागतं. सुतार तुळईला खाच पाडतो, कुसू बसवतो, पुन्हा काढतो, रंधा मारतो, पुन्हा बसवतो. ही माणसं घाईत नाहीत. दगडी जोतं, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब असा वाडा हळूहळू उभा राहतोय.

पावसाळ्यात घरची बातमी येते. 4 ऑगस्टला चिमाजीअप्पांना मुलगा झाला, सदाशिव. महिनाभरात त्याची आई रखमाबाई गेली. आता आजी आणि काकू त्याला वाढवणार आहेत. वाड्याच्या उघड्या चौकात उभं राहून मला सर्वांत आधी आठवतं ते हे आईविना पोर.

पुढच्या वर्षी 1 एप्रिलला बाजीराव गुजरातेत डभोईला सेनापती त्रिंबकराव दाभाड्यांशी लढताहेत. घरधनी रणात आणि इथे भिंती चढताहेत, असंच त्या काळी चालायचं.

आणि मग 22 जानेवारी 1732. रथसप्तमी, पुन्हा शनिवार. वास्तुशांत. होमाचा धूर आणि नव्या सागाचा वास. खर्च आला 16,110 रुपये. दीड वर्षांचा सदाशिव इथल्याच चौकांत धावायला शिकेल आणि पानिपतावर जाईल. मजले, चौक, कारंजी पुढच्या पिढ्या वाढवतील.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे: 1773 मधला नारायणरावांचा खून, 1818 मधला पराभव आणि 27 फेब्रुवारी 1828 ला लागलेली आग. कित्येक दिवस धुमसत राहिलेल्या त्या आगीत जुन्नरचं सागवान गेलं. चिंचवडचा दगड राहिला.

आज या वास्तूची ओळख खुनाच्या आणि भुताच्या गोष्टींनी करून दिली जाते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारस्थानांच्या कितीतरी आधी हे एका कुटुंबाचं घर होतं आणि शेकडो हातांनी ते जिवापाड बांधलं होतं. पुढच्या वेळी गेलात तर दिल्ली दरवाज्यासमोर फोटो काढून परत फिरू नका. आत जा, जोत्यांपाशी थांबा, दगडावरच्या टाकीच्या खुणा मुलांना दाखवा आणि त्यांना पाथरवटाची, सुताराची, घाणीच्या बैलाची गोष्ट सांगा.